लाइव्ह स्ट्रीमिंग आणि व्हिडिओ तपासणीची सॉफ्टवेअर : नव्या सोयी, जुन्या अडचणी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि आसपासच्या गावांतून लग्नं, कीर्तनं, क्लासेस, मिरवणुका आणि सभागृहातले कार्यक्रम लाइव्ह करणारे लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे आहेत. उत्तरं मुख्यतः ओबीएस स्टुडिओ (लॅपटॉपवरून लाइव्ह आणि रेकॉर्डिंग करायचं सॉफ्टवेअर) आणि यूट्यूब धरून दिली आहेत, कारण दहातले नऊ प्रश्न त्यांच्याबद्दलच येतात. आधीच्या उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पहिल्यांदाच लाइव्ह करतोय. फोनवर भागेल का लॅपटॉप लागेलच?

एकच कॅमेरा असेल आणि वक्ता फोनपासून पाच-सहा फुटांवर बोलत असेल, तर फोन पुरतो. मिक्सरमधून आवाज घ्यायचा असेल, दोन कॅमेरे असतील किंवा खाली नावाची पट्टी पाहिजे असेल, तर लॅपटॉप घ्या.

त्याआधी खात्याच्या अटी बघून घ्या. यूट्यूबवर लाइव्हची सोय पहिल्यांदा सुरू करायला २४ तासांपर्यंत वेळ जाऊ शकतो. ज्यांना हे कार्यक्रमाच्या सकाळी कळतं, त्यांचा कार्यक्रम गेला म्हणून समजा. फोनच्या अ‍ॅपमधून लाइव्ह जायला चॅनेलला किमान ५० सबस्क्रायबर लागतात; ओबीएसमधून जायला ही अट नाही. २२ जुलै २०२५पासून १६ वर्षांखालच्या मुलांना एकट्याने लाइव्ह जाता येत नाही, तेव्हा शाळेचा कार्यक्रम मुलांच्या नव्हे तर शिक्षकांच्या खात्यावरून करा. फेसबुकला खातं ६० दिवस जुनं आणि १०० फॉलोअर लागतात. इन्स्टाग्रामला १,००० फॉलोअर आणि सार्वजनिक खातं लागतं.

२. ओबीएस फुकट आहे म्हणजे त्यात काही कमी असेल ना?

नाही. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, व्हिडिओवर वॉटरमार्क येत नाही, वेळेची मर्यादा नाही. पैसे देऊन घेतलेल्या व्हीमिक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रीप्ले, पाहुण्यांना कॉलवर घेणं आणि अनेक कॅमेऱ्यांचं स्वतंत्र रेकॉर्डिंग आयतं मिळतं, पण ते फक्त विंडोजवर चालतं. क्रिकेटचा सामना करायचा असेल तर व्हीमिक्सचा ६० दिवसांचा चाचणी परवाना घेऊन बघा. कीर्तन, लग्न, व्याख्यान यांना ओबीएस पुरून उरतं.

३. ओबीएस तीन वर्षांपासून तेच वापरतोय. मधल्या काळात नेमकं नवीन काय आलं?

बरंच आलं, पण सगळं तुमच्या कामाचं नाही. २०२२च्या २८व्या आवृत्तीत वेबसॉकेट आतच आलं. म्हणजे त्याच वाय-फायवरच्या दुसऱ्या फोनवरून सीन (पडद्यावर दिसणारी कॅमेरा-पट्टीची मांडणी) बदलता येतो. स्टेजजवळ उभा असलेला माणूस कॅमेरा बदलतो आणि लॅपटॉप मागे मिक्सरजवळ राहतो. ही सोय फारच कमी लोक वापरतात. त्याच आवृत्तीत ३२ बिट विंडोज आणि विंडोज ७-८ यांचा आधार संपला.

२०२३च्या २९व्या आवृत्तीत तीन पट्ट्यांचा इक्वलायझर आला, आणि २९.१मध्ये यूट्यूबला एव्ही१ व एचईव्हीसी, म्हणजे कमी डेटात चित्र दाबायच्या नव्या पद्धती, पाठवायची सोय आली (प्रश्न ९). त्याच वर्षाअखेरच्या ३०व्या आवृत्तीत सेफ मोड आला (प्रश्न ४), शिवाय वेबआरटीसीवर (ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलच्या पद्धतीवर) पाठवणारं व्हिप आलं. व्हिप तुमचा स्वतःचा सर्व्हर असेल तरच कामाचं. यूट्यूबवाल्यांनी विसरून जा.

आमच्या मते सगळ्यात उपयोगाची सोय २०२४च्या ३०.२मध्ये आली, ती हायब्रिड एमपी४ची. तिचं उत्तर प्रश्न १४मध्ये आहे. डिसेंबर २०२४च्या ३१मध्ये प्रिव्ह्यू खिडकीत स्क्रोलपट्ट्या आल्या, आणि एनव्हिडियाच्या कार्डवर पार्श्वभूमी धूसर करणारं फिल्टर आलं. सप्टेंबर २०२५च्या ३२मध्ये प्लगइन (बाहेरून जोडायच्या जादा सोयी) सांभाळणारा प्लगइन मॅनेजर आला. कोणतं प्लगइन लावलं आहे ते दिसतं आणि तिथूनच बंद करता येतं.

४. अपडेट केल्यावर प्लगइन गेले, सीनही दिसत नाहीत. आता?

सीन बहुतेक गेलेले नसतात, दुसरं सीन कलेक्शन उघडलेलं असतं. वरच्या सीन कलेक्शन मेन्यूत आधी बघा. प्लगइन मात्र खरंच बंद पडू शकतात. २८व्या आवृत्तीत आतली क्यूटी लायब्ररी बदलली, तेव्हा जुनी कितीतरी प्लगइन एका दिवसात निकामी झाली. ओबीएस उघडताच बंद पडत असेल, तर पुढच्या वेळी ते सेफ मोडबद्दल विचारतं, हो म्हणा. त्यात बाहेरची प्लगइन आणि स्क्रिप्ट न घेता ओबीएस उघडतं. मग एकेक प्लगइन चालू करून दोषी कोण ते शोधा.

अपडेट करण्याआधी सीन कलेक्शन आणि प्रोफाइल दोन्ही एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवा. नुसतं सीन कलेक्शन घेतलं तर बिटरेट (सेकंदाला किती डेटा पाठवायचा), एन्कोडर (चित्र दाबून लहान करणारा भाग), स्ट्रीम की (तुमच्या चॅनेलवर लाइव्ह पाठवायची गुप्त किल्ली) यातलं काहीच त्यात येत नाही, ते सगळं प्रोफाइलमध्ये असतं. आणि स्ट्रीम की प्रोफाइलसोबत जाते, म्हणून ती फाइल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. कार्यक्रमाला आठ दिवस असताना अपडेट करायचं नाही, सूचना कितीही वेळा आली तरी.

५. किती स्पीड लागतो? आमचं १०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे.

१०० हा आकडा बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो. लाइव्हला अपलोड लागतं. कार्यक्रमाच्याच जागी, कार्यक्रमाच्याच वेळी, तीनदा मोजा आणि सगळ्यात कमी आलेला आकडा धरा. त्याच्या ६० ते ७० टक्क्यांपेक्षा जास्त बिटरेट ठेवायचा नाही. अपलोड ७ एमबीपीएस आलं तर ४,५०० किलोबिट ठीक. ४ आलं तर २,५०० आणि ७२०पी. कीफ्रेम (पूर्ण चित्र पाठवणारी फ्रेम) २ सेकंदांवर आणि रेट कंट्रोल सीबीआर (स्थिर बिटरेट) ठेवा. कीफ्रेम ‘ऑटो’ ठेवला की यूट्यूबच्या कंट्रोल रूममध्ये इशारा येण्याची शक्यता वाढते.

डेटाचा हिशेबही करा. ४,५०० व्हिडिओ आणि १२८ आवाज मिळून तासाला साधारण २.१ जीबी जातात. रोजच्या २ जीबीच्या सिमवर दोन तासांचं लग्न लावलं, तर मंगलाष्टकं चालू असताना कोटा संपतो आणि वेग ६४ केबीपीएसवर येतो. मग आवाजसुद्धा धड जात नाही. लोक नेटवर्कला शिव्या देत बसतात, आणि बिघाड असतो रिचार्जमध्ये.

६. भाऊ, लाइव्ह मधीच अडकते. स्पीड तर भरपूर दाखवते. काय करू?

आधी रोग ओळखा, औषध मग. ओबीएसमध्ये डॉक्स मेन्यूतून स्टॅट्स उघडा. तिथे तीन वेगवेगळे आकडे आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

नेटवर्कमुळे पडलेल्या फ्रेम वाढत असतील तर दोष अपलोडचा. वायफाय सोडा, तार लावा, बिटरेट एक हजाराने कमी करा. सेटिंग्ज → अ‍ॅडव्हान्स्डमध्ये नेट अडलं की बिटरेट आपोआप कमी करणारा पर्याय आहे, तो चालू करा. चित्र थोडं चौकटी-चौकटी होईल, पण थांबणार नाही.

एन्कोडिंगमुळे वगळलेल्या फ्रेम वाढत असतील तर प्रोसेसर दमला आहे. सॉफ्टवेअर एक्स२६४ (प्रोसेसरवर चालणारा एन्कोडर) वापरत असाल तर प्रीसेट ‘व्हेरीफास्ट’वरून ‘सुपरफास्ट’वर न्या. त्याहून बरं म्हणजे हार्डवेअर एन्कोडर निवडा : एनव्हिडियाच्या कार्डावर एनव्हेंक, इंटेलवर क्विकसिंक, एएमडीवर एएमएफ.

रेंडरिंगमुळे चुकलेल्या फ्रेम हा तिसरा आकडा. हा वाढला म्हणजे ग्राफिक्स कार्ड भरलं आहे. इथे बिटरेट कितीही कमी करा, फरक पडत नाही, आणि नेमकी हीच चूक सगळ्यात जास्त होते. न लागणारे ब्राउझर सोर्स (सीनमध्ये लावलेली वेब पानं) काढा, ६० एफपीएसचं (सेकंदाला फ्रेम) ३० करा, विंडोजवर ओबीएस ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. तसं उघडल्यावर ग्राफिक्स कार्डाच्या वेळेत ओबीएसला आधी जागा मिळते.

तिन्ही आकडे शून्याजवळ असूनही लोक ‘अडकते’ म्हणत असतील, तर अडकतंय त्यांच्या फोनवर. प्लेअरमध्ये ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडायला सांगा. बफर हेल्थ सतत शून्याकडे येत असेल तर त्यांचं डाउनलोड कमी आहे, किंवा तुम्ही लेटन्सी (चित्र पोहोचायला लागणारा उशीर) ‘अल्ट्रा लो’ ठेवली आहे. प्रश्नोत्तरं नसतील तर ‘नॉर्मल’ ठेवा. कीर्तन दहा सेकंद उशिरा पोहोचलं म्हणून कोणाचं बिघडत नाही.

कार्यक्रम संपल्यावर कारण शोधायचं असेल तर हेल्प → लॉग फाइल्समधून लॉग अपलोड करा आणि ओबीएसच्या लॉग अ‍ॅनालायझरमध्ये टाका. ओबीएस बंद करून पुन्हा उघडलं असेल तर ‘करंट’ नव्हे, त्याआधीचा (‘प्रीव्हियस’) लॉग लागतो.

७. दीक्षाभूमीवर किंवा मारबतच्या मिरवणुकीत फोनला पूर्ण कांड्या दिसतात तरी काही जात नाही. असं का?

कांड्या फक्त टॉवरचा सिग्नल किती जोरात येतो ते सांगतात, टॉवरवर किती लोक आहेत ते नाही. अशा गर्दीत हजारो फोन एकाच वेळी फोटो आणि व्हिडिओ वर पाठवतात, आणि मोबाइल टॉवरची वर पाठवण्याची क्षमता खाली आणण्याच्या क्षमतेपेक्षा आधीच कमी असते. दसऱ्याला दीक्षाभूमी परिसरात आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालच्या गल्ल्यांत हेच होतं. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ची हाक सुरू झाली की सगळ्यांचे फोन वर जातात, आणि अपलोड तळाला.

उपाय खात्रीच्या क्रमाने. जवळच्या दुकानातून किंवा घरातून ब्रॉडबँडची तार आणा. साध्या लॅन केबलची मर्यादा १०० मीटर आहे, त्यापलीकडे मध्ये स्विच लागतो. तार शक्य नसेल तर वेगवेगळ्या कंपन्यांची दोन सिम, दोन फोनमध्ये, दोन्ही यूएसबी टेदरिंगने, म्हणजे फोनचं नेट तारेने लॅपटॉपला देऊन. हॉटस्पॉटने नको, कारण गर्दीत २.४ गिगाहर्ट्झचा वायफाय टॉवरइतकाच जाम असतो. दोन्ही लाइनी एकत्र करायला बाँडिंगचं सॉफ्टवेअर लागतं; नुसते दोन फोन जोडून विंडोज वेग वाढवत नाही, एकच लाइन वापरतं.

७२०पी, ३० एफपीएस, १,५०० ते २,००० किलोबिट एवढ्यावर ठेवा आणि सोबत चांगल्या दर्जाचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर चालू ठेवा. मिरवणूक पुढे गेली की तेच वर टाकता येतं.

८. एसआरटी वापरा असं सगळे सांगतात. ते सबटायटलचं ना?

नाव एकच, गोष्टी दोन. सबटायटलच्या फाइलचा शेवट एसआरटी असतो तो वेगळा. इथला एसआरटी म्हणजे व्हिडिओ पाठवायची पद्धत, हायव्हिजन कंपनीने २०१७ साली खुली केलेली. वाटेत हरवलेली पाकिटं ती पुन्हा मागवते, म्हणून खराब लाइनवर आरटीएमपीपेक्षा (यूट्यूबला पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीपेक्षा) बरी चालते. दोन जागा जोडायच्या असतील, म्हणजे सभागृहातला कॅमेरा स्टुडिओतल्या मशीनवर आणायचा असेल, तर तीच घ्या.

दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. ओबीएसच्या पत्त्यात लेटन्सी मायक्रोसेकंदात लिहायची असते. दोन सेकंद पाहिजे तर २००० नव्हे, २०००००० लिहा. २००० लिहिलं तर ते दोन मिलिसेकंद होतात आणि चित्राच्या चिंध्या होतात. दुसरं, ‘लिसनर’ (जोडणीची वाट बघणाऱ्या) बाजूला सार्वजनिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोहोचता येईल असा इंटरनेटचा पत्ता, आणि उघडा यूडीपी पोर्ट लागतो. मोबाइल सिमवर तसा आयपी सहसा मिळत नाही, म्हणून सिमची बाजू नेहमी ‘कॉलर’ (जोडणी सुरू करणारी) ठेवा.

९. एव्ही१ लावलं तर कमी नेटमध्ये चांगलं चित्र जातं का?

हो, पण हार्डवेअर असेल तरच. एनव्हिडियाची आरटीएक्स ४० मालिका, एएमडीची आरएक्स ७००० किंवा इंटेल आर्क यांत एव्ही१चा हार्डवेअर एन्कोडर आहे. जुन्या कार्डात फार तर बघायची सोय असते, बनवायची नाही. यूट्यूब ते घेतं. एकाच वेळी दुसरीकडे पाठवायचं असेल, किंवा केबलवाल्याला फीड द्यायची असेल, तर जुनं एच.२६४च ठेवा, ते सगळीकडे चालतं. अपलोड ६ एमबीपीएसच्या वर असेल तर या भानगडीत पडायची गरज नाही.

१०. आवाज फाटतो, घरघर येते, आणि ओठांच्या मागे-पुढे जातो. तिन्ही एकदम!

तीन वेगळे दोष आहेत, एकेक घ्या.

फाटतो म्हणजे मिक्सरचं लाइन आउट लॅपटॉपच्या माइक पिनमध्ये घातलं आहे. लाइनची पातळी माइकपेक्षा कितीतरी पट जास्त असते. यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या आणि त्याचं बटण ‘लाइन’वर ठेवा. ओबीएसच्या मिक्सरमध्ये बोलणं पिवळ्या पट्टीत, म्हणजे उणे २० ते उणे ९ डेसिबलमध्ये नाचायला हवं. लाल पट्टीत क्वचित गेलं तर चालतं, शून्याला टेकता कामा नये.

घरघर येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून ऐका. घरघर गेली तर ते ग्राउंड लूप आहे. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच एक्स्टेंशनवर घ्या, किंवा मध्ये ऑडिओ आयसोलेटर लावा. मंडपवाल्याच्या जनरेटरवर हा त्रास जास्त होतो.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून रेकॉर्ड करा आणि फ्रेम मोजा. ३० एफपीएसला एक फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद. टाळीचा आवाज हात जुळण्याच्या चार फ्रेम आधी येत असेल, तर अ‍ॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये त्या आवाजाला १३३ मिलिसेकंदांचा सिंक ऑफसेट द्या. एचडीएमआय कॅप्चर कार्डमुळे चित्र उशिरा येतं, म्हणून बहुतेकदा आवाजच मागे ओढावा लागतो. सुरुवातीला जुळतं आणि तासाभराने सुटतं, असं असेल तर ऑफसेटने काम होणार नाही. ओबीएस, विंडोज आणि ऑडिओ इंटरफेस तिघेही ४८ किलोहर्ट्झवर आहेत का ते बघा; एक जरी ४४.१वर राहिला तरी आवाज हळूहळू सरकू शकतो.

११. नावाच्या पट्टीवर मराठी अक्षरं तुटून येतात. ‘कीर्तन’ लिहिलं की वेलांट्या कुठल्या कुठे जातात.

मॅक आणि लिनक्सवर ओबीएसचा मजकूर सोर्स फ्रीटाइप वापरतो. तो अक्षरं एकामागे एक मांडतो, देवनागरीची जोडाक्षरं जुळवत नाही. म्हणून ‘कि’ची वेलांटी क नंतर येते आणि रफार सुटा पडतो. विंडोजवरचा जीडीआय मजकूर सोर्स जोडाक्षरं नीट करतो. मॅकवर सरळ ब्राउझर सोर्स वापरा : छोटी एचटीएमएल फाइल बनवा, पार्श्वभूमी पारदर्शक ठेवा, फाइल यूटीएफ-८मध्ये सेव्ह करा.

विंडोजवरही अक्षरांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं येत असतील, तर फाँट जुना, युनिकोडच्या आधीचा आहे. पत्रिका छापणाऱ्याने पाठवलेला मजकूर अशा फाँटमधला असतो. तो फाँट बदलून सुधारत नाही, युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो किंवा पुन्हा टाइप करावा लागतो.

आता बारीक गोष्ट, पण डोळ्याला टोचणारी. कितीतरी देवनागरी फाँट मुळात हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतात. ‘लक्ष्मण शास्त्री’ अशी पट्टी लावली की मराठी माणसाला कुठेतरी खटकतं, पण काय ते सांगता येत नाही. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श पाहिजे असेल तर ‘तिरो देवनागरी मराठी’ घ्या. तो याच वळणाचा आहे, आणि हिंदी व संस्कृतसाठी त्याचे वेगळे भाऊ आहेत, चुकून ते उतरवू नका. पट्टीवर ठसठशीत अक्षर पाहिजे असेल तर ‘मुक्ता’ किंवा ‘बालू’. ‘कऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’ अशा आडनावांत अर्धा ऱ नुक्त्याच्या ऱने टाइप करा. साध्या र आणि हलन्ताने लिहिलं तर त्याचा रफार होतो आणि आडनावच बदलतं.

१२. मराठीत आपोआप सबटायटल येतील का?

लाइव्ह चालू असताना यूट्यूबच्या मराठी स्वयंचलित सबटायटलवर भिस्त ठेवू नका. ओबीएसमध्ये लोकलव्होकल नावाचं प्लगइन आहे. ते ओपनएआयने २०२२मध्ये खुल्या केलेल्या व्हिस्परवर चालतं, आणि सगळं तुमच्याच मशीनवर होतं. व्हिस्परला मराठी येते, पण छोट्या मॉडेलची मराठी वाचवत नाही. मोठ्या मॉडेलला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. भाषा ‘ऑटो’ ठेवू नका, ‘मराठी’ पक्की करा. नाहीतर मधूनच ते हिंदी समजतं आणि ‘आहे’चं ‘है’ करून ठेवतं. झाडीपट्टीतली किंवा वऱ्हाडी बोली असेल तर चुका आणखी वाढतात.

घाई नसेल तर कार्यक्रम झाल्यावर रेकॉर्डिंगवर मोठं मॉडेल चालवा, माणसाने एकदा वाचून नावं सुधारा, आणि फाइल यूटीएफ-८मध्ये यूट्यूबवर चढवा. नोटपॅडमध्ये ‘एएनएसआय’ निवडलं तर सगळी प्रश्नचिन्हं येतात.

१३. एकाच वेळी आडवं यूट्यूबला आणि उभं शॉर्ट्स-रील्सला जाईल का?

जाईल. ओबीएसमध्ये एटम व्हर्टिकल हे प्लगइन १०८०×१९२०चा दुसरा कॅनव्हास देतं, त्याचे सीन वेगळे लावता येतात. यूट्यूबनेही सप्टेंबर २०२५मध्ये उभं आणि आडवं लाइव्ह एका चॅटसह एकत्र देण्याची घोषणा केली. फक्त हिशेब विसरू नका : दोन फीड म्हणजे दोनदा अपलोड आणि दोनदा एन्कोडिंग. ४,५०० आणि ३,५०० मिळून ८ एमबीपीएस झाले. प्रश्न ५च्या नियमाने अपलोड किमान १२ पाहिजे. तबला-हार्मोनियम दोन्ही कडेला आणि गायक मध्ये असेल, तर उभ्या चौकटीत फक्त गायक उरतो. अशा कार्यक्रमाला दुसरा कॅमेराच उभा लावलेला बरा.

१४. वीज गेली आणि तीन तासांचं रेकॉर्डिंग उघडतच नाही. वाचेल का?

साधं एमपी४ असेल तर वाचण्याची शक्यता कमी. त्या फाइलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. वीज गेली की मजकूर आहे पण अनुक्रमणिका नाही, आणि प्लेअरला सुरुवातच सापडत नाही. त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची दुसरी चांगली फाइल असेल तर दुरुस्तीची काही साधनं तिच्या आधाराने थोडंफार काढून देतात.

पुढच्यासाठी दोन रस्ते. एमकेव्हीत रेकॉर्ड करा आणि नंतर फाइल → रीमक्स रेकॉर्डिंग्जने एमपी४ करा. यात पुन्हा एन्कोडिंग होत नाही, म्हणून मिनिटाभरात होतं. किंवा हायब्रिड एमपी४ निवडा. ते तुकड्या-तुकड्यांत लिहीत जातं आणि शेवटी नेहमीच्या एमपी४चं रूप घेतं, त्यामुळे मध्ये वीज गेली तरी तोपर्यंतचं उघडतं. त्यात हॉटकीने प्रकरण-खुणाही टाकता येतात. सात फेरे, हार, विदाई अशा प्रत्येक ठिकाणी एक बटण दाबा, एडिटिंगवाला आशीर्वाद देईल.

फाइल बरोबर ४ जीबीला थांबत असेल तर ड्राइव्ह फॅट३२ आहे, एक्सफॅट करा. फॉरमॅटने सगळं पुसलं जातं, आधी रिकामा करा.

१५. मे महिन्यात बाहेरच्या लाइव्हला लॅपटॉप अर्ध्या तासात मंद होतो.

४५ अंशांत लॅपटॉपच्या पंख्याला आत घ्यायला थंड हवाच मिळत नाही. प्रोसेसर शंभराजवळ गेला की स्वतःचा वेग कमी करतो आणि एन्कोडिंगच्या फ्रेम पडू लागतात (प्रश्न ६). सावली, मागून दोन इंच उंची, समोर टेबल पंखा. हार्डवेअर एन्कोडर लावला की उष्णताही कमी होते. कूलरसमोर ठेवू नका, ओलावा आत जातो. राउटर आणि लॅपटॉपसाठी ६०० व्हीएचा यूपीएस ठेवा, पण बॅटरी जुनी असेल तर पाव तासाच्या वर भरवसा नको.

१६. यूट्यूबवर ‘४०० बघत आहेत’ दाखवलं, नंतर व्ह्यूज ३,१००. खरा आकडा कोणता?

दोन्ही खरे, मोजतात वेगळं. पहिला त्या क्षणी किती ठिकाणी चालू होतं तो. दुसरा किती वेळा सुरू केलं गेलं त्याची बेरीज. आयोजकाला सांगायला सरासरी समवर्ती (एकाच वेळी बघणारे) प्रेक्षक आणि सरासरी पाहण्याचा वेळ हे दोन आकडे प्रामाणिक. एका टीव्हीसमोर घरातले आठ जण बसले तरी तो एकच मोजला जातो. अ‍ॅनालिटिक्समध्ये पूर्ण आकडे यायला एक-दोन दिवस लागतात, रात्रीच अहवाल पाठवू नका.

प्रेक्षकांची रेषा जिथे एकदम खाली जाते ती वेळ ओबीएसच्या लॉगशी लावून बघा. त्याच मिनिटाला लाइन तुटल्याची नोंद असेल तर दोष तांत्रिक. नसेल तर बहुधा भाषण लांबलं होतं.

१७. चित्राचा दर्जा मोजायचं काही साधन आहे का, की डोळ्यानेच?

आधी मीडियाइन्फोत फाइल उघडा : खरा बिटरेट, फ्रेमरेट बदलता आहे की स्थिर, आवाज किती किलोहर्ट्झ, हे सगळं एका पानावर दिसतं. अर्ध्या तक्रारी इथेच सुटतात. एफएफएमपेग या कमांड लिहून चालवायच्या साधनात काळं पडलेलं, गोठलेलं चित्र आणि शांतता शोधणारी तीन फिल्टरं आहेत. सहा तासांचं रेकॉर्डिंग बसून बघण्यापेक्षा ती चालवा, नेमकी मिनिटं हाती येतात.

दर्जाला आकडा पाहिजे असेल तर व्हीएमएएफ. नेटफ्लिक्सने २०१६मध्ये खुलं केलेलं हे मोजमाप मूळ आणि पाठवलेली प्रत ताडून ० ते १०० गुण देतं. दोन्ही फाइली एकाच फ्रेमपासून सुरू व्हायला पाहिजेत. एका फ्रेमने जरी सरकल्या तरी चांगल्या व्हिडिओलाही वाईट गुण पडतात. यूट्यूब स्टुडिओतून उतरवलेली प्रत ७२०पीपर्यंतच येते, तिला १०८०पीच्या मूळ रेकॉर्डिंगशी ताडून ‘यूट्यूबने चित्र खराब केलं’ म्हणू नका.

१८. वरातीत बँडने सिनेमाचं गाणं वाजवलं आणि लाइव्ह बंद पडलं. गाणं आम्ही लावलंच नव्हतं!

कोणी लावलं हे यंत्र बघत नाही. हक्काचं संगीत ओळखलं की आधी इशारा येतो, मग चित्राच्या जागी स्थिर पाटी येऊ शकते, आणि गाणं चालूच राहिलं तर लाइव्ह थांबतं. कॉपीराइटमुळे चालू लाइव्ह काढलं गेलं तर सात दिवस लाइव्हची सोय बंद होऊ शकते. पुढच्या शनिवारच्या लग्नाची ऑर्डर घेतली असेल तर हे महागात पडतं.

डीजेचा भाग येण्याआधी वेगळ्या सीनवर जा, त्यात फक्त हॉलचं चित्र आणि तुमचं स्वतःचं किंवा परवानगीचं संगीत ठेवा. लग्नाचं लाइव्ह ‘अनलिस्टेड’ ठेवलं तरी तपासणी होतेच, ‘प्रायव्हेट’ केलं तरी.

१९. फेसबुकवरचे मागच्या वर्षीचे लाइव्ह गायब झाले.

१९ फेब्रुवारी २०२५पासून फेसबुकवरचं नवं लाइव्ह ३० दिवसच राहतं, मग आपोआप काढलं जातं. ३० दिवसांच्या आत उतरवून ठेवा. त्याहून बरं म्हणजे प्रश्न १४प्रमाणे रेकॉर्डिंग स्वतःकडेच असू द्या.

२०. अखंड हरिनाम सप्ताह आहे. सात दिवस एकच लाइव्ह चालू ठेवता येईल का?

चालू राहील, पण उरणार नाही. यूट्यूब १२ तासांच्या आतलंच लाइव्ह आपोआप साठवतं. त्यापुढे गेलं तर नंतर बघायला काही सापडेल याची खात्री नाही, आणि प्रेक्षकाला मागेही फार तर १२ तास जाता येतं. रोज पहाटे काकड्याआधी, दुपारी आणि संध्याकाळी हरिपाठाआधी लाइव्ह बंद करून नवं सुरू करा, म्हणजे प्रत्येक भाग १२ तासांच्या आत राहतो. सगळे भाग आधीच शेड्यूल करून ठेवा, एकच स्ट्रीम की वापरा, पण ‘ऑटो स्टार्ट’ फक्त पुढच्या भागाला चालू ठेवा. दोन भागांना चालू राहिलं तर दोन्ही एकदम सुरू होतात आणि लोक अर्धे इकडे, अर्धे तिकडे.

रेकॉर्डिंगला ओबीएसमध्ये वेळेनुसार फाइल आपोआप तोडायची सोय आहे. ६० मिनिटांवर ठेवा. २,५०० किलोबिटने दिवसाला २७-२८ जीबी होतात, सात दिवसांचे दोनशेच्या आसपास. ५०० जीबीचा एसएसडी पुरतो. विंडोजचे अपडेट सात दिवसांसाठी थांबवा आणि स्क्रीन झोपण्याची वेळ ‘नेव्हर’ करा. विणेकऱ्याची पाळी दर दोन तासांनी बदलते, तेव्हाच कोणीतरी स्टॅट्सवर एक नजर टाकून यावं, वेगळं वेळापत्रक लावायची गरज पडत नाही.